उंबराचे फूल पाहिलेत का?

एखादा स्नेही वर्षभर दिसला नाही आणि अचानक दारात उभा राहिला, की आपण म्हणतो, "काय हो, अगदी उंबराचे फूल झालात!" वर्गात हा वाक्प्रचार शिकवायला सोपा, अर्थ सांगितला की मुले तो वहीत उतरवून घेतात. परंतु एखादा खोडकर विद्यार्थी विचारतोच, "सर, उंबराला खरेच फूल येते का?"

येते! एक नव्हे, शेकड्यांनी येतात. आणि तीही आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटात. उंबर म्हणजे आतल्या बाजूने फुललेला, तोंड मिटून बसलेला गुच्छच. कोवळे हिरवे उंबर मधोमध चिरून भिंगातून पाहा. आतल्या भिंतीवर दाटीवाटीने उभी असलेली फुले दिसतील.

आता पंचाईत अशी की, फुलाने बी धरायची तर पुंकेसरातले पराग स्त्रीकेसरापर्यंत पोचले पाहिजेत. जास्वंदीकडे शिंजीर येतो, गवताचे पराग वारा नेतो. या कोंडलेल्या फुलांकडे जाणार कोण? शिवाय उंबराच्या पोटात मादीफुले आधी उमलतात आणि नरफुलांना पराग येतात ते काही आठवड्यांनी. म्हणजे घरातल्या घरात सोयरीक जमायची नाही!

ती जमवते चिलटाएवढी एक गांधीलमाशी. 'सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स' हे तिचे शास्त्रीय नाव. तिच्यापेक्षा नावच मोठे. वासाच्या सुगाव्याने ती हिरव्या उंबरापाशी येते आणि त्याच्या टोकाच्या बारीक वाटेतून अंग रेटीत आत शिरते. वाट इतकी अरुंद की बहुधा पंख तिथेच तुटतात. परतीचा प्रश्नच उरत नाही. छातीपाशी असलेल्या इवल्या खिशांतून आणलेले पराग ती फुलांवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. जिथे अंडे पडले तिथे बी होत नाही, अळी वाढते. बाकीच्या फुलांत बी धरते. झाडाने आपल्या काही बिया या दाईला मेहनताना म्हणून दिल्या म्हणा ना.

पुढची पिढी वाढते तीही तिथेच. नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मीलन करायचे, त्यांच्यासाठी भिंत पोखरून वाट करायची आणि मरायचे, एवढाच त्यांचा संसार. माद्या मात्र तोवर तयार झालेल्या नरफुलांचे पराग खिशांत भरून उडतात. उंबर पिकते ते त्यानंतर.

या व्यवहारात आयतोबाही आहेत. दुसऱ्या काही गांधीलमाश्या आत न शिरता बाहेरूनच लांब सुईने उंबर भोसकून अंडी घालतात. अशाच एका जातीच्या सुईचे टोक जस्ताने कठीण झालेले असते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली दाखवले. (गृहिणींनी धसका घेऊ नये: पुरंदरचे अंजीर परागांवाचूनच धरते. कॅलिफोर्नियात मात्र स्मर्ना जातीची अंजिरे गळूनच जात. १८९९ साली तिथे गांधीलमाशी नेऊन वसवली तेव्हा कुठे ती धरू लागली.)

खरी मेख पुढे आहे. बाहेर पडलेल्या मादीचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. एका झाडावरची उंबरे साधारण एकाच वेळी तयार होतात, म्हणून तिला दुसरे झाड गाठावे लागते, आणि तेही नेमके हिरव्या, कोवळ्या अवस्थेतले. वारा तिला लांब नेतो. नामिबियात उंबराच्या एका भाऊबंदाच्या माश्या १६० किलोमीटरपर्यंत पराग वाहून नेतात, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पण वाऱ्याने नेलेल्या ठिकाणी झाड तर हवे!

सगळी उंबरे एकाच हंगामात फळली असती, तर मधल्या काळात माशी नष्ट झाली असती. म्हणून पंचक्रोशीत कोणते ना कोणते उंबर बाराही महिने फळावर असते. इतर झाडे रिकामी असतात त्या दिवसांत हरियाल, तांबट, धनेश, वटवाघळे, माकडे यांची पोटे त्यावर भरतात. एका चिलटाच्या वेळापत्रकावर अख्ख्या रानाची पंगत!

हे सारे आज सांगण्याचे कारण आमच्या सोसायटीतले उंबर. फळे मोटारींवर पडून डाग पडतात, माश्या होतात, म्हणून ते तोडून तिथे गुलमोहर लावावा असा ठराव आला आहे. गुलमोहर देखणा खरा, पण तो मादागास्करचा. त्याच्या शेंगांवर ना तांबट येतो, ना हरियाल. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात परवानगीवाचून झाड तोडता येत नाही हे मी चिटणिसांना सांगितले. "परवानगी मिळते हो," असे ते म्हणाले. मोटारी चार हात पलीकडे लावाव्यात, ही माझी सूचना अद्याप कोणी लिहून घेतलेली नाही.

सभा पुढच्या रविवारी आहे. झाडावर सध्या हिरवी उंबरे लगडली आहेत, पिकायला अजून अवकाश आहे. सभेला जाताना त्यांतले एक चिरून बशीत घालून न्यावे म्हणतो. भिंगही बरोबर घेईन.