विजयाची अट कोणी ठरवावी?

बुद्धिबळात राजाला शह बसला आणि त्यातून सुटायला कोणताच मार्ग उरला नाही की डाव संपतो. कबड्डीत वेळ भरली की गुण मोजले जातात. जिंकणे म्हणजे काय, हा प्रश्न या खेळांत मैदानात उतरण्यापूर्वीच सुटलेला असतो आणि म्हणूनच तो कोणाला पडत नाही. परंतु ज्या खेळात हजारो माणसे एकाच नकाशावर आपापले गाव वसवतात आणि महिनोन् महिने परस्परांचे शेजारी व शत्रू म्हणून नांदतात, तो खेळ संपावा कशाने? संगणकाच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या ग्रामवसाहतीच्या खेळांत गेली वीस वर्षे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे करून पाहिली जात आहेत. वरवर पाहता विषय पोरखेळाचा वाटेल. वास्तविक तो तसा नाही.

यातील दोन खेळ विशेष प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही जर्मनीतले. हेंड्रिक व आइके क्लिंडवोर्ट हे बंधू आणि मिखाएल झिलमर यांनी २००३ साली जो खेळ सुरू केला, तो पुढे 'ट्रायबल वॉर्स' या नावाने जगभर पसरला. दुसरा 'ट्राव्हियन'. तो २००४ साली गेरहार्ड म्युलर याने रचला. दोहोंचा सांगाडा सारखाच आहे. वाट्याला एक लहानसे गाव येते. लाकूड, माती, लोखंड जमवायचे, कोठार वाढवायचे, तट उभारायचा, सैन्य पोसायचे. या खेळांतले घड्याळ मात्र खरे असते. सैन्याला शेजारच्या मुलखात पोहोचायला सहा तास लागणार असतील, तर ते तुमच्याआमच्या घड्याळातले सहा तास. त्यामुळे शत्रू पहाटे तीन वाजता येऊन धडकावा असा हिशेब करूनच स्वारी पाठवली जाते, आणि ज्याला दुसऱ्या दिवशी वर्गात वा कचेरीत जायचे आहे, तोही गजर लावून उठतो. 'ट्रायबल वॉर्स'मध्ये गाव जिंकायचे तर सरदार पाठवावा लागतो. गावाची निष्ठा शंभर असते आणि प्रत्येक यशस्वी स्वारीगणिक ती वीस ते पस्तीस अंशांनी घटते. म्हणजे लागोपाठ तीन ते पाच सरदार आत शिरले की महिन्यांचे कष्ट दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.

अशा जगात विजयाची सर्वांत सोपी अट सुचते ती वर्चस्वाची: ज्या जमातीच्या ताब्यात नकाशावरील गावांचा ठरलेला हिस्सा येईल, ती विजयी. अट स्वच्छ आहे, मोजायलाही सोयीची आहे. पण तिचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. टक्केवारी हेच ध्येय ठरले की लढणे हा टक्केवारी वाढवण्याचा एक मार्ग होतो, आणि तोही सर्वांत खर्चाचा. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे विलीनीकरण. दोन बलाढ्य जमातींनी रणांगणात एकमेकींना पारखण्याऐवजी हातमिळवणी केली की निकाल लढाईआधीच लागतो. पराभूत जमातीतील चांगले खेळाडू विजेत्यांच्या छावणीत जातात. आपल्याकडच्या विधानसभांचा कारभार पाहणाऱ्या वाचकाला हा प्रकार अधिक समजावून सांगण्याची गरज नाही! उरलेले महिने मग केवळ मोजदादीचे. जे हरले ते कंटाळून निघून जातात, त्यांची गावे बेवारस होतात आणि विजेते ती बेवारस गावे गोळा करीत बसतात.

यावर उपाय म्हणून जमातीच्या सभासदसंख्येला मर्यादा घातली गेली. लगेच एकाच झेंड्याखाली दोन-दोन, तीन-तीन भगिनी-जमाती निघाल्या. नियम जितका काटेकोर, तितकी पळवाट नामी, हा अनुभव काही नवा नाही. मग दुसरी अट पुढे आली, ती मंत्रांकित गावांची. नकाशावर खंडोखंडी काही विशेष गावे प्रकट होतात, आणि जी जमात प्रत्येक खंडातील अशा गावांचा ठरलेला हिस्सा काही दिवस राखील, ती जिंकते. हा बदल वाटतो तितका किरकोळ नाही. 'ट्रायबल वॉर्स'चा नकाशा शंभर खंडांत विभागलेला आहे. वर्चस्वाच्या अटीत मध्यभागी साम्राज्य घट्ट केले की पुरे. दूरच्या कोपऱ्यातील खेळाडूला कोणी विचारीत नाही. मंत्रांकित गावांच्या अटीत मात्र तोच कोपऱ्यातला माणूस एकाएकी मोलाचा ठरतो, कारण त्याच्या शेजारचे गाव राखायला दुसरे कोणी वेळेवर पोहोचणार नसते. माणूस तोच, गाव तेच, सैन्यही तेवढेच. फक्त शेवटची ओळ बदलली आणि त्याची किंमत बदलली.

'ट्राव्हियन'ने वेगळीच वाट धरली. तेथे निर्णायक विजय जिंकण्याने नव्हे, तर बांधण्याने मिळतो. जागतिक आश्चर्य ठरावी अशी वास्तू शंभराव्या पायरीपर्यंत जी आघाडी प्रथम नेईल, ती विजयी. त्यासाठी नातार नावाच्या, संगणकानेच चालवलेल्या जमातीकडून आराखडे हिसकावून आणावे लागतात, आणि पन्नासाव्या पायरीनंतर एका आराखड्याने भागत नाही, आघाडीत दुसऱ्या कोणाकडे तरी आणखी एक असावा लागतो. वास्तू वाढू लागली की नातारही तिच्यावर चालून येतात.

या अटीतील खरी गंमत धान्यात आहे. वास्तूच्या रक्षणासाठी आघाडीभरातून सैन्य येऊन बसते. त्या सैन्याला दर तासाला धान्य लागते, आणि ते गाव एवढे धान्य पिकवू शकत नाही. कोठार रिकामे झाले की शिपाई उपासमारीने मरतात. म्हणून शेकडो खेळाडू अहोरात्र धान्याच्या खेपा पाठवीत राहतात, कोणाची खेप किती वाजता पोहोचेल याची वेळापत्रके आखतात. ज्याने आयुष्यात एकही स्वारी केली नाही, असा सामान्य शेतकरी-खेळाडू या अखेरच्या पर्वात सेनापतीइतकाच आवश्यक होतो. वर्चस्वाच्या अटीत त्याचे स्थान केवळ भक्ष्याचे होते.

अर्थात येथेही सारे आलबेल नाही. जग संपते तेव्हा जी घोषणा होते, तीत वास्तू पूर्ण करणाऱ्याचे नाव असते, सर्वांत मोठ्या वस्तीच्या धन्याचे असते, सर्वश्रेष्ठ आक्रमकाचे आणि सर्वश्रेष्ठ रक्षकाचेही असते. धान्य वाहणाऱ्याचे नसते. दर आठवड्याला जी पदके वाटली जातात, त्यांतही लुटारूंसाठी पदक आहे, वाहतुकीसाठी नाही. पुढे याच खेळाने प्राचीन युरोपचा नकाशा घेऊन आणखी एक प्रयोग केला: प्रदेश ताब्यात ठेवावेत आणि त्याबद्दल आघाडीला विजयगुण मिळावेत. यात अखेरच्या एका वास्तूवर सारे पणाला लागत नाही, दररोजच्या राखणीला मोल येते. परंतु रोज गुण म्हणजे रोज जागरण, हेही ओघाने आलेच.

या प्रयोगांमागे निव्वळ तत्त्वचिंतन आहे, असे मानण्याचे कारण नाही. जग संपले नाही तर नवे सुरू होत नाही, आणि नवे सुरू झाले नाही तर खेळाडू सवलतींसाठी नव्याने पैसे मोजीत नाही. व्यवसायाचे हे गणित उघड आहे. तथापि प्रयोग करणाऱ्याचा हेतू कोणताही असो, प्रयोगाचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. लिझी मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ साली जमीनदारीच्या खेळाचे एकस्व मिळवले, ते जमिनीच्या मक्तेदारीतील अन्याय दाखवण्यासाठी. पुढे तिने त्याच खेळाला दुसरा, सर्वांच्या भरभराटीचा नियमसंचही जोडला. १९३५ साली 'मोनॉपॉली' म्हणून जो खेळ बाजारात आला, त्यात इतरांना भिकेला लावणे एवढी एकच अट शिल्लक राहिली होती. पट तोच, फासे तेच, आणि घराघरांतील मुले शिकली ते मात्र मॅगीच्या हेतूच्या नेमके उलट.

मग ग्रामवसाहतीच्या खेळात आणखी एक अट का करून पाहू नये? ज्या आघाडीतील सर्वाधिक सभासदांनी आपले पहिले गाव अखेरपर्यंत राखले, ती विजयी! आक्षेप तात्काळ येतील. कोणी खोट्या नावांनी गावे वसवून संख्या फुगवील. मात्र एका माणसाने अनेक खाती चालवू नयेत हा नियम दोन्ही खेळांत आधीच आहे. युद्धच होणार नाही, हा आक्षेप अधिक वजनदार. परंतु प्रतिपक्षाची पहिली गावे घेतल्यावाचून कोणालाच पुढे जाता येणार नसल्याने युद्ध टळणार नाही, त्याची जागा बदलेल. बलिष्ठाला आपल्यातील सर्वांत दुबळ्याच्या तटावर रात्रीचा पहारा द्यावा लागेल. आज तोच दुबळा पहाटे तीनचा गजर लावून एकटा उठतो आणि सकाळी पाहतो तो गावावर दुसऱ्याचे नाव.