विहीर, टाकी आणि त्यांमधील अंतर : मसुरे गावाच्या निमित्ताने

१

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव गड नदीच्या खोऱ्यात, कालावलच्या खाडीलगत वसले आहे. गावच्या डोंगरावर भरतगड हा किल्ला असून पैलतीरावर भगवंतगड आहे. भरतगडाच्या उभारणीची जी हकीकत जुन्या जिल्हा गॅझेटियरात नमूद आहे, तीत पाण्याला मध्यवर्ती स्थान आहे. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी या डोंगराची पाहणी केली. परंतु पाण्याची सोय नसल्यामुळे तेथे दुर्ग बांधण्याचा विचार सोडून देण्यात आला. पुढे वाडीकर फोंड सावंतांनी २२८ फूट खोल विहीर खणून पाणी मिळविले आणि १७०१ मध्ये किल्ल्याचे काम पुरे केले. एका विहिरीने येथे एका किल्ल्याचे भवितव्य ठरविले.

आज मसुऱ्यासारख्या गावात पाण्याचा जो प्रश्न उभा आहे तो खोलीचा नसून सान्निध्याचा आहे. घराच्या एका अंगाला विहीर असते, दुसऱ्या अंगाला शौचकूपाची टाकी असते. विहिरीची नोंद ठेवणारे दप्तर एक, शौचकूपाची नोंद ठेवणारे दप्तर दुसरे. या दोहोंमधील अंतराची नोंद मात्र सामान्यतः कोणत्याच दप्तरात नसते. घरगुती मलनिःसारण व विहिरी यांवरील स्थानिक देखरेखीचा सारा प्रश्न या न मोजलेल्या अंतरात सामावलेला आहे.

२

कोकणपट्टीच्या या भागात जांभा दगड सर्वत्र आढळतो. घरे त्याच्या चिऱ्यांची, गडगे त्याचे, विहिरींचे बांधकामही बहुधा त्याचेच. या खडकाला शास्त्रीय नाव दिले ते फ्रान्सिस बुकॅनन याने. मलबारात हा दगड कापून विटांप्रमाणे वापरतात हे पाहून त्याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव योजले. कोकणात ‘चिरा’ या शब्दानेही दगडाच्या कापलेल्या रूपाचाच निर्देश होतो, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

जांभ्याचा गुण असा की तो सच्छिद्र असतो. त्याच्या अंगात लहानमोठ्या पोकळ्या आणि वेड्यावाकड्या नळ्या असतात आणि त्यांतून पाणी वेगाने वाहते. म्हणूनच या प्रदेशातील विहिरी मृग लागल्यावर थोड्याच दिवसांत भरतात आणि फाल्गुन-चैत्रात तितक्याच त्वरेने तळ गाठतात. मातीच्या घट्ट थरातून पाणी झिरपताना गाळले जाते. सूक्ष्म कणांमध्ये जंतू अडकतात, आणि पाण्याचा प्रवास मंद असल्यामुळे त्यांतील बरेचसे वाटेतच मरतात. जांभ्याच्या नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याला असे गाळण लाभेलच याची शाश्वती नसते. पाश्चात्त्य देशांत पाणवठ्याभोवतीचे संरक्षित क्षेत्र आखताना पन्नास दिवसांच्या भूमिगत प्रवासाचे माप पुष्कळदा वापरले जाते. म्हणजे महत्त्व केवळ हातांनी मोजलेल्या अंतरास नसून त्या अंतरात लागणाऱ्या काळास आहे.

भारतीय मानक २४७० (१९८५ ची आवृत्ती, भाग दुसरा) यात टाकीतून निघालेले पाणी जमिनीत मुरविण्याची रचना पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरांच्या आत नसावी, असे सांगितले आहे. दोन खड्ड्यांच्या शौचकूपासाठी, माती बारीक असेल आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळाखाली दोन मीटर वा अधिक असेल, तर तीन मीटर अंतर पुरेसे मानतात. पातळी त्याहून वर असल्यास दहा मीटर. हे आकडे पाठ करण्यापूर्वी त्यांमागील अटी वाचल्या पाहिजेत. चुनखडक किंवा भेगाळ खडक असेल तेथे मुरविण्याची रचना करू नये, कारण खडकातील वाटांनी दूषित पाणी दूरवर जाऊ शकते, असाही इशारा याच परंपरेतील तांत्रिक ग्रंथांत दिला आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आषाढ-श्रावणात भूजल पृष्ठभागाजवळ येते, आणि ज्या खड्ड्याचा तळ वैशाखात कोरडा होता तो स्वतःच भूजलात बुडतो. मे महिन्यात केलेली पाहणी जुलैतील स्थितीविषयी फारसे काही सांगत नाही.

३

देखरेखीचा आरंभ नोंदीपासून होतो, आणि नोंदीचा शब्दांपासून. या दृष्टीने दोन्ही वस्तूंच्या नावांकडे पाहणे उद्बोधक ठरते.

पाण्याच्या बाजूस शब्दसंपत्ती विपुल आहे. मालवणीत विहिरीला ‘बाव’ म्हणतात. संस्कृत ‘वापी’शी नाते सांगणारा हा शब्द गुजरातीतील ‘वाव’ व हिंदीतील ‘बावडी’ यांचा सगोत्र होय. देशावर ‘आड’ निराळा, ‘विहीर’ निराळी, ‘बारव’ त्याहून निराळी. आकार, पायऱ्या, उपयोग यांनुसार भाषेने भेद केले आहेत. कारण समाजाला ते भेद उपयोगाचे होते.

मलनिःसारणाच्या बाजूस याच्या उलट स्थिती दिसते. बोलण्यात ‘टाकी’ हा एकच शब्द किमान तीन भिन्न वस्तूंना लावला जातो. पहिली वस्तू म्हणजे तळ व भिंती पक्क्या असलेली, मधला पडदा असलेली खरी सेप्टिक टाकी. दुसरी, चिऱ्यांनी किंवा जाळीदार विटांनी बांधलेला, तळ उघडा असलेला खड्डा. तिसरी, टाकीतून बाहेर पडणारे पाणी मुरविण्याचा शोषखड्डा. पहिलीतून काहीही झिरपू नये अशी अपेक्षा असते. दुसरीचे व तिसरीचे कामच झिरपण्याचे असते. ‘टाकी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात बंदिस्त पात्र उभे राहते, आणि उघड्या तळाचा खड्डाही त्या नावाखाली निर्धोक वाटू लागतो.

खऱ्या सेप्टिक टाकीविषयीही एक गैरसमज रूढ आहे. टाकीत जड भाग तळाशी बसतो, हलका भाग साय धरून वर तरंगतो आणि हवेविना जगणारे जीवाणू त्यांचे अंशतः विघटन करतात. मधल्या थरातील जे पाणी बाहेर पडते ते तुलनेने नितळ दिसते, परंतु रोगजंतूंपासून मुक्त नसते. अतिसार, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू व विषाणू त्यात असू शकतात. शुद्धीकरणाचा महत्त्वाचा भाग टाकीबाहेरच्या मातीत व्हावयाचा असतो. ती माती जेथे पातळ व खाली जांभा आहे, तेथे तो भाग अपुरा राहतो. शिवाय तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर टाकीचे कार्य मंदावते आणि घनभागही बाहेर जाऊ लागतो.

याच संदर्भात ‘सांडपाणी’ या शब्दाचा विचार करावा. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडण्याची कोकणातील जुनी रीत शहाणपणाची आहे. परंतु ती रीत मैल्यावाचूनच्या पाण्यापुरती आहे. टाकीचे पाणीही ‘सांडपाणी’ या सदरात ढकलून त्याच आळ्यात सोडले, तर शब्दाच्या सोयीने एक घातक अभेद निर्माण होतो.

४

स्थानिक देखरेखीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई इलाख्यात १८८९ मध्येच ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला होता. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पिण्याचे पाणी व स्वच्छता ही पंचायतीच्या कामांत घातली. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतही हे दोन्ही विषय आहेत, पण दोन निरनिराळ्या क्रमांकांखाली. ही फाळणी पुढे व्यवहारातही कायम राहिली.

पाण्याच्या बाजूची यंत्रणा बऱ्याच अंशी सुघटित आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा सार्वजनिक पाणवठ्यांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. जलसुरक्षक विरंजक चूर्ण, म्हणजे गावच्या भाषेत टीसीएल, टाकतो. त्याचे गणित सोपे आहे. विहिरीचा व्यास तीन मीटर व पाण्याची उंची चार मीटर असेल, तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरते. चांगल्या प्रतीचे चूर्ण हजार लिटरांस अडीच ग्रॅम या मानाने सुमारे ७० ग्रॅम लागते, आणि त्यानंतर किमान अर्धा तास पाणी उपसू नये. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाल्यापासून गावोगावी पाच महिलांना पाणीतपासणीच्या संचाचे शिक्षण देण्याची योजनाही आहे. २०१४ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यात विहिरींच्या नोंदणीची व भूजलाची गुणवत्ता राखण्याची तरतूद आहे.

स्वच्छतेच्या बाजूसही कार्य मोठे झाले. २०००-०१ पासूनचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आणि २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांमुळे घरोघरी शौचकूपे आली. २०१६ मध्ये केंद्र शासनाच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशांच्या गटात सिंधुदुर्ग जिल्ह्यास पहिले स्थान मिळाले. हे यश निर्विवाद आहे. मात्र उघड्यावरचा मैला घराजवळच्या जमिनीखाली गेला म्हणजे त्याचे स्थान बदलते, अस्तित्व संपत नाही. शौचकूप ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारणाऱ्या पत्रकात ते विहिरीच्या चढावर आहे की उतारावर, याला रकाना नसतो. सार्वजनिक विहिरीला कार्ड मिळते. घरच्या विहिरीकडे तितक्या नियमाने कोणी पाहत नाही. विरंजक चूर्ण त्या दिवसापुरते जंतू मारते; झिरपण्याची वाट बुजवीत नाही.

मसुऱ्याच्या वार्षिक जीवनातून या उणिवेचे उदाहरण देता येईल. मसुऱ्याची आंगणेवाडी भराडी देवीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. बहुधा माघ-फाल्गुनाच्या सुमारास येणाऱ्या या यात्रेस लाखो भाविक लोटतात. ती सार्वजनिक घटना असल्यामुळे पाणी व आरोग्य यांची व्यवस्था शासनाच्या डोळ्यांसमोर असते, आणि त्या सुमारास भूजलही उतरलेले असते. गणेशचतुर्थीला याच्या उलट घडते. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, वर्षभर बंद असलेली घरे उघडतात, दोन माणसांच्या टाकीवर वीस माणसांचा भार पडतो, आणि हे सर्व भाद्रपदात, म्हणजे जमीन पाण्याने तुडुंब असताना. धोका सर्वाधिक तेव्हा देखरेख सर्वांत कमी, कारण हा भार शेकडो घरांत विभागलेला आणि म्हणून अदृश्य असतो.

५

खासगी टाकी व सामायिक पाणी यांचा संबंध जगात प्रथम ठळकपणे सिद्ध झाला तो लंडनमध्ये. १८५४ च्या पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखविले. परंतु पंपाचे पाणी दूषित कशाने झाले हे १८५५ मध्ये, रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड याच्या चौकशीनंतर, उत्खननाने कळले. जवळच्या एका घराचा मैलाखड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत होता आणि त्याच्या भिंती कुजल्या होत्या. पंपाची तपासणी करून न भागता शेजारच्या घराचे अंगण उकरावे लागले, यातच या प्रश्नाचे स्वरूप प्रकट होते.

अलीकडचे उदाहरण आयर्लंडचे आहे. तेथील ग्रामीण भागात सेप्टिक टाक्यांची संख्या पाच लाखांच्या घरात आहे. त्यांवर पुरेशी देखरेख नाही म्हणून युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये त्या राष्ट्राविरुद्ध निर्णय दिला. त्यातून कॅव्हन हा एकच परगणा वगळला, कारण तेथील स्थानिक संस्थेने २००४ मध्येच टाक्यांच्या तपासणीचे उपनियम केले होते. २०१२ च्या कायद्याने सर्व टाक्यांची नोंदणी सक्तीची झाली व स्थानिक संस्थांकडे तपासणी आली. तेव्हापासूनच्या तपासण्यांत सुमारे निम्म्या टाक्या सदोष आढळत आल्या आहेत. संपन्न राष्ट्रातही नोंदीपूर्वी दोष दिसत नव्हता, आणि मार्ग दाखविला तो एका परगण्याने.

६

मसुऱ्यासारख्या गावी यापासून काय घेता येईल? मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. प्रत्येक घरासाठी एकाच पानावर सहा गोष्टींची नोंद पुरेशी आहे : विहिरीचे स्थान, टाकीचा खरा प्रकार, दोहोंमधील अंतर, जमिनीचा उतार, श्रावणातील पाण्याची पातळी, आणि टाकी शेवटची केव्हा उपसली. पाणीतपासणी शिकलेल्या महिला व जलसुरक्षक हे काम करू शकतील, आणि चतुर्थीपूर्वी व चतुर्थीनंतर घरगुती विहिरींची तपासणी झाल्यास पानावरचा अंदाज पडताळूनही पाहता येईल. उपसा यंत्रानेच व्हावयास हवा. संरक्षक साधनांविना टाकीत माणूस उतरवून ती साफ करविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

अडचण तांत्रिक नसून सामाजिक आहे. टाकी एकाच्या परड्यात असते आणि अपाय दुसऱ्याच्या विहिरीत होतो. दोघे पुष्कळदा भाऊबंद असतात, आणि नोटीस देणारा सरपंच त्याच वाडीतला. दोष दाखविणे म्हणजे भांडण उकरणे असे समजले जाते. म्हणून पाहूनही न पाहिल्यासारखे करण्याकडे कल होतो. यावर उपाय हाच की पाहणी तक्रारीवरून न होता सर्व घरांची, ठरलेल्या महिन्यात, एकाच पत्रकाने व्हावी. सर्वांचे अंतर मोजले गेले की कोणा एकाकडे बोट दाखविले असे होत नाही. जुन्या टाकीचे स्थान बदलणे अनेकांस परवडणार नाही हे खरे. पण तळ पक्का करणे, गाळ उपसणे, मुरविण्याचा खड्डा उताराच्या बाजूस नेणे, पावसाळ्यात पाणी उकळणे, हे मार्ग नोंद झाल्यावरच सुचतात.

भरतगडाच्या विहिरीची खोली तीन शतकांनंतरही ठाऊक आहे, कारण कोणीतरी ती मोजून लिहून ठेवली. घरच्या विहिरीपासून घरच्या टाकीपर्यंतचे अंतर मोजावयास फीत आणि एक सकाळ पुरते. ते लिहिण्यासाठी रकाना निर्माण करणे हे ग्रामपंचायतीचे काम होय. आणि ‘टाकी’ म्हणजे नेमके काय, हे त्या रकान्यात स्पष्ट शब्दांत विचारले गेले पाहिजे.