भिंती वेगळ्या, जोतं एकच

कवीने घुशीवर बोलावं हे जरा विचित्रच. पण चाळीत आयुष्य काढलेल्यांना त्यात काही नवल वाटणार नाही. कल्याणात वालधुनीपासून थोड्या अंतरावर आमची बैठी चाळ होती. बारा खोल्या, वर कौलं, खाली शहाबादी फरशी. रात्री दिवे मालवले की फरशीखालून खरवडल्याचा आवाज यायचा. अम्मी म्हणायची, "आपल्या खाली आणखी एक बिऱ्हाड आहे. भाडं न देणारं."

ते बिऱ्हाड घुशीचं. तेलुगूत तिला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांचा ‘बँडिकूट’ त्यावरूनच आला. जोत्याच्या आत भरलेली माती मऊ, शेजारी मोरीची ओल, दाराशी खरकटं. घुशीला आणखी काय हवं? ती माती उपसते, फरशी अधांतरी राहते आणि एके दिवशी खचते. घूस गेली की त्या पोकळीत साप येतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण उगाच नाही पडली.

२००५च्या जूनमध्ये माझ्या मोरीशेजारी बीळ पडलं. मी त्यात काचा कोंबल्या, वर सिमेंट थापलं आणि निश्चिंत झालो. आठवड्याभरात शेजारच्या काकूंच्या मोरीत भगदाड! घूस गेली नव्हती, तिने फक्त खोली बदलली होती. काकू म्हणाल्या, "भाई, तुमची पाहुणी आमच्याकडे आलीय हो." मी हसलो. ते हसणं पुढे मला फार टोचलं.

२६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे उल्हास आणि वालधुनी फुगल्या. काकूंच्या घरात पाणी दारातून यायच्या आधी त्या भगदाडातून आलं. त्यांचा मुलगा दोन दिवस गुडघाभर पाण्यात सामान हलवत होता. पायाला खरचटलेलं. दहाएक दिवसांनी त्याला ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, मग कावीळ. निदान झालं लेप्टोस्पायरोसिस. या रोगाचे जंतू उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात मिसळतात आणि जखमेतून अंगात शिरतात. अशा पाण्यातून चालल्यावर डॉक्टरांना विचारून वेळीच प्रतिबंधक गोळ्या घेता येतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुलगा वाचला. जंतू त्याला घरातल्या पाण्यातून लागले की रस्त्यावरच्या, हे कोण सांगणार? पण घूस तिकडे कोणी ढकलली, ते मला पक्कं माहीत होतं.

पावसाळा सरल्यावर बाराही घरांनी मिळून काम काढलं. आधी प्रत्येक बिळात संध्याकाळी कागदाचा बोळा घातला. सकाळी बोळा बाहेर पडलेला दिसला, की बीळ वाहतं आहे असं समजायचं. अशा ठिकाणी सुका बोंबील लावून पिंजरे ठेवले. बोळा सलग तीन रात्री जागचा हलला नाही, तेव्हाच बीळ बुजवलं. नुसत्या मातीने नव्हे. आत विटांचे तुकडे आणि काचा, त्यावर पाव इंच भोकांची लोखंडी जाळी आणि वर काँक्रीट. लहान उंदराला पेन्सिलीएवढी फटही पुरते, म्हणून जाळी बारीकच हवी. मोऱ्यांच्या तोंडांनाही जाळ्या बसवल्या.

बाहेरून भिंतीलगत फूटभर खोल चर खणला. त्यात जाळी उभी सोडली आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून पुरली. घूस भिंतीला चिकटून खणते. जाळी आडवी आली तरी मागे सरून दुरून खणावं हे तिला सहसा सुचत नाही. परदेशात चाकांवरची घरं असतात, त्यांच्या पोटाखालची पोकळीही अशाच पुरलेल्या जाळीने राखतात.

विष आम्ही टाळलं. विष खाल्लेली घूस फरशीखाली मेली तर दुर्गंधीने घरात बसवत नाही, आणि बाहेर मेली तर मांजराचा जीव जातो. भिंतीला टेकलेले पत्रे, लाकडं, कुंड्या दोन फूट दूर सरकवल्या. सगळ्यात अवघड गेलं ते रात्री खरकटं बाहेर न टाकणं. पण तेवढं एक पाळलं नाही, तर बाकीची मेहनत पाण्यात.

त्यानंतर फरशीखालचा आवाज थांबला. बारांपैकी एक घर जरी राहिलं असतं, तरी थांबला नसता. कारण भिंती बारा घरांच्या वेगळ्या होत्या, जोतं मात्र एकच होतं.

आता तिथे चाळ नाही, सात मजली इमारत आहे. मध्यंतरी तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने बैठकीत घुशींची तक्रार मांडली. वरच्या मजल्यावरचे कोणीतरी म्हणाले, "तो तुमचा प्रश्न." मला काकूंचं वाक्य आठवलं, "भाई, तुमची पाहुणी आमच्याकडे आलीय हो." या वेळी मी हसलो नाही. उठून म्हणालो, "रविवारी सगळे खाली या. कागदाचे बोळे मी आणतो."