परसातील कोंबड्या (लेखांक ५) : जातीची निवड आणि नव्या पिल्लांचा प्रवेश

मागील लेखांकात खुराड्याची जागा, हवा खेळती ठेवण्याची सोय आणि रात्रीचा बंदोबस्त यांचा विचार झाला. त्यानंतर स्वाभाविकपणे येणारे दोन प्रश्न बहुतेक ठिकाणी सुटे सुटे हाताळले जातात : कोणत्या जातीचे पक्षी घ्यावेत, आणि आणलेली पिल्ले आधीच्या कळपात कशी मिसळावीत. वस्तुतः हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. पुढील पिढी कोण उबवणार आणि कोण वाढवणार हे जात निवडतानाच ठरून जाते, आणि ज्या कळपाला आपली पुढील पिढी स्वतः वाढवता येत नाही, त्या कळपात दर वर्षा-दोन वर्षांनी बाहेरचे पक्षी आणावेच लागतात. म्हणून वार्षिक अंडी मोजून जात ठरवण्याची प्रचलित रीत अपुरी आहे, आणि अनेक घरांतील कळप दुसऱ्याच वर्षी विरळ होतात त्याचे एक मोठे कारण या अपुरेपणात आहे.

देशी कोंबडीचा हिशेब

गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारण ५० ते ६० अंडी देते, आणि हा आकडा तिच्या नालायकीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तिचे वर्ष जवळून पाहिले, तर वेगळे चित्र दिसते. ती एका फेरीत १२ ते १५ अंडी घालते आणि मग खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी बसते. या काळात तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, बीजकोशाचे काम मंदावते, छातीचा भाग उघडा पडून गरम राहतो आणि चारापाण्यासाठी ती दिवसातून थोडाच वेळ उठते. २१ दिवसांनी पिल्ले फुटल्यावर त्यांना पंखांखाली घेणे, घार दिसताच इशारा देणे, माती उकरून किडे दाखवणे या कामांत तिचे आणखी दीड-दोन महिने जातात. अशा तीन-चार फेऱ्यांत वर्ष संपते. अंड्यांची संख्या कमी राहते ती तिचा उरलेला वेळ उबवणी आणि संगोपन यांत खर्च होतो म्हणून, आणि या दोन कामांसाठी मालकाला वीज, यंत्र वा मजुरी यांपैकी काहीच मोजावे लागत नाही.

व्यापारी अंड्यांच्या संकरित कोंबड्या वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देतात, त्या खुडूक होत नाहीत म्हणूनच. खुडूक होणाऱ्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या वगळत गेल्याने त्यांच्यातील ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. जास्त अंडी आणि मातृत्व हे दोन गुण एकाच पक्ष्यात पूर्णत्वाने मिळत नाहीत, हे जात निवडणाऱ्याने प्रथम समजून घ्यावे.

सुधारित जाती : देणे आणि घेणे

या दोन टोकांच्या मध्ये परसासाठी मुद्दाम तयार केलेल्या सुधारित जाती येतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराज ही अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाची जात आहे. परसात ती वर्षाला सुमारे १०० ते १२० अंडी देते, आणि रंगीबेरंगी पिसे व लांब पाय यांमुळे मोकळ्या रानात निभावते. त्याच संस्थेची ग्रामप्रिया वजनाने हलकी आणि अंड्यांकडे झुकलेली आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज लवकर वजन धरते, परंतु भारी शरीरामुळे तिला उंच उडता येत नाही आणि मुंगूस, कुत्रे यांच्यापासून निसटणे जड जाते. ऱ्होड आयलंड रेड ही मूळची अमेरिकन तांबडी जात तपकिरी अंड्यांसाठी भारतभर स्थिरावली आहे.

यांपैकी वनराज, ग्रामप्रिया आणि गिरिराज या संकरातून तयार झालेल्या जाती आहेत, म्हणजे ठरावीक नर-कुळ आणि मादी-कुळ एकत्र आणून त्यांचे पक्षी मिळवले जातात. घरच्या वनराज नर-मादीची अंडी उबवली तर पिल्ले निघतात, पण आई-बापांचे गुण त्यांच्यात एकसारखे उतरत नाहीत आणि पिढीगणिक उत्पादन घसरत जाते. शिवाय या माद्या क्वचितच खुडूक होतात. परिणामी अशा जातींचा कळप टिकवायचा असेल, तर उबवणी केंद्रातून पिल्ले पुनःपुन्हा आणणे भाग पडते. हा खर्च आणि हे श्रम पहिल्या दिवशीच हिशेबात धरावेत.

शुद्ध देशी जातींचे गणित निराळे आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या काळ्या मांसाला चांगला भाव येऊ लागला. हा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. मात्र कडकनाथ मादी उबवणीला फारशी टिकून बसत नाही, त्यामुळे तिची अंडी बहुधा गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. झुंजार असील जातीची मादी अंडी थोडी देते, पण नेटाने बसते आणि पिल्लांचे रक्षण करते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या जातींत गुजरात व महाराष्ट्र यांच्या सरहद्दीवरील बुसरा हीदेखील आहे. स्थानिक हवामानात मुरलेले असे पक्षी दूरच्या आकर्षक जातींपुढे उगाच दुर्लक्षिले जातात.

निवडीची कसोटी

योग्य जात ठरते ती परसाच्या धारणक्षमतेवरून, म्हणजे उकिरडा, गोठा, शेताचा बांध आणि स्वयंपाकघर मिळून रोज किती खाद्य फुकट मिळते यावरून. मोजके गावरान पक्षी जेथे सांडलेले दाणे, वाळवी, किडे आणि उष्टे यांवर पोसले जातात, तेथे तेवढेच गिरिराज पक्षी उपाशी राहतात, कारण मोठ्या शरीराची गरज मोठी असते. विकतचे खाद्य देण्याची तयारी नसेल, तर सुधारित जातीकडून कागदावरील उत्पादन अपेक्षू नये. दुसरी कसोटी भक्षकांची : डोंगराळ भागात, जेथे घार, रानमांजर आणि मुंगूस यांचा वावर असतो, तेथे पांढऱ्या पिसांचा पक्षी दुरून उठून दिसतो आणि आधी बळी पडतो. तिसरी कसोटी माणसांची आहे. परसातील कोंबड्यांची देखभाल बहुतेक घरांत स्त्रिया करतात आणि अंड्यांचा पैसाही पुष्कळदा त्यांच्याच हाती राहतो, म्हणून वाढीव कामाचा भार कोणावर पडणार हे विचारल्याशिवाय जात ठरवणे अन्यायाचे होईल.

या कसोट्या लावल्या, तर बहुतांश ग्रामीण घरांना मिश्र कळप सर्वांत सोयीचा ठरतो : अंड्यांसाठी काही ग्रामप्रिया किंवा वनराज माद्या, आणि उबवणीसाठी दोन-तीन खात्रीच्या गावरान कोंबड्या. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो.

पिल्ले आणण्याचे तीन मार्ग

पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग खुडूक कोंबडीचा. तिला डालग्यात किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात रवणीवर बसवून १० ते १२ ताजी फलित अंडी देता येतात. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरली, तर वाढणाऱ्या अंड्यात तांबड्या रक्तवाहिन्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे रूप दिसते आणि रिकामे अंडे स्वच्छ पारदर्शक राहते. अशी रिकामी अंडी काढून टाकावीत. विकत आणलेली एक दिवसाची पिल्लेही अशा कोंबडीला देता येतात, परंतु ती निदान दोन-तीन आठवडे बसलेली असावी आणि पिल्ले दोन-तीन दिवसांपेक्षा मोठी नसावीत. ती रात्री, दिवा न लावता, एकेक करून तिच्या पंखांखाली सरकवावीत आणि तेवढीच अंडी काढून घ्यावीत. पहाटे तिने घुटुरघुटुर आवाज करत त्यांना जवळ घेतले, तर स्वीकार झाला असे समजावे. ती चोच मारू लागली, तर पिल्ले ताबडतोब वेगळी करावीत.

दुसरा मार्ग कृत्रिम दायीचा, म्हणजे आईच्या उबेऐवजी दिव्याची वा शेगडीची ऊब देण्याचा. फुटलेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातील बलकाचा शिल्लक साठा असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते. म्हणूनच पिल्ले दूरवरून आणणे शक्य होते. पोचल्यावर प्रथम गुळाचे कोमट पाणी द्यावे, काही पिल्लांच्या चोची त्यात बुडवून दाखवाव्यात, आणि मग कागदावर बारीक भरडा पसरावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि दर आठवड्याला ते साधारण तीन अंशांनी उतरवत न्यावे. तापमापी नसली तरी पिल्ले स्वतःच सांगतात : दिव्याखाली गठ्ठा झाला तर थंडी, कडेला जाऊन चोची उघडल्या तर उष्मा, आणि सर्वत्र विखरून चरू लागली तर ऊब योग्य. आडोसा गोल ठेवावा, कारण कोपऱ्यात एकमेकांवर चढून पिल्ले गुदमरतात.

तिसरा मार्ग तलंगांचा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या वाढत्या माद्यांचा. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ८ ते १० आठवड्यांच्या २५ तलंगा व ३ नर असा गट दिला जातो, तर एक दिवसाची पिल्ले पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर व नागपूर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांशी संपर्क साधून मिळवता येतात. तलंग महाग पडते, पण नाजूक काळ ओलांडलेला असल्याने नवख्या पालकाला हाच मार्ग सुरक्षित आहे.

रोगाची दिशा ओळखणे

नवे पक्षी वेगळे ठेवावेत हे सर्वज्ञात आहे, परंतु धोका कोणत्या दिशेने येतो याचा विचार क्वचितच होतो. आठवडी बाजारातून आणलेली मोठी कोंबडी बाहेरचा रोग घरात आणते. तिला किमान तीन आठवडे दूर ठेवावे आणि तिचे चारापाणी रोज सर्वांत शेवटी करावे. याउलट उबवणी केंद्रातून आलेल्या पिल्लांना धोका असतो तो घरच्याच मोठ्या पक्ष्यांचा, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या प्रौढ कोंबड्या रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी विष्ठेतून टाकत असतात आणि पिल्लांत त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नसते. अशा वेळी आधी पिल्लांचे काम, मग मोठ्यांचे, असा उलटा क्रम ठेवावा. ओल्या भुशात हे परजीवी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून पावसाळ्यात भुसा कोरडा राखणे हाच मोठा उपचार आहे.

मानमोडी अर्थात राणीखेत हा विषाणुजन्य रोग कळपच्या कळप संपवतो. त्याविरुद्ध पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात वा नाकात थेंबाने देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचतात. मधल्या काळात गंबोरो आणि देवी यांच्या लसी येतात. लसीची कुपी बहुधा शंभर वा अधिक मात्रांची असते आणि विरघळवल्यावर ती थोड्याच तासांत वापरावी लागते, त्यामुळे वाडीतील चार-पाच घरांनी एकाच दिवशी लसीकरण केले, तर खर्च वाटला जातो आणि संरक्षणही सर्वांना मिळते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक नोंदला गेला, तेव्हा मोठ्या शेडांबरोबर परसातील पक्षीही नष्ट करावे लागले. रोगाच्या बाबतीत कोणतेही परसू एकटे नसते, हे त्यातून दिसले.

कळपाची उतरंड आणि मिसळण्याची रीत

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ श्येल्डरप-एब्ब यांनी १९२० च्या सुमारास कोंबड्यांच्या निरीक्षणातून दाखवून दिले की, कळपात कोणी कोणाला चोच मारायची याची ठरलेली उतरंड असते. ती ठरल्यावर भांडणे कमी होतात, आणि नवा पक्षी आला की ती पुन्हा ठरवावी लागते. त्यामुळे सुरुवातीची टोचाटोची ही विकृती नव्हे, परंतु लहान पिल्लांच्या बाबतीत ती जिवावर बेतते.

आई नसलेली पिल्ले म्हणून आठ ते दहा आठवड्यांची होईपर्यंत मिसळू नयेत. त्याआधी आठ-दहा दिवस ती जाळीच्या आडोशाने मोठ्या कळपाशेजारी ठेवावीत, म्हणजे ओळख होते पण चोच पोचत नाही. एकटा पक्षी कधीही सोडू नये, तीन-चार एकत्र सोडावेत. शक्यतो संध्याकाळी, सर्व पक्षी खुराड्यात स्थिरावल्यावर त्यांना आत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खाद्य-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडावीत, जेणेकरून दुबळा पक्षी उपाशी राहणार नाही. रक्त दिसले की इतर पक्षी त्याच जागी टोचत राहतात, म्हणून जखमी पक्षी तत्काळ बाजूला काढून जखमेवर जंतुनाशक लावावे.

खाद्याचीही एक अडचण येथे उद्भवते. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी भरपूर कॅल्शियम असते आणि ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. मिश्र कळपाला म्हणून सरसकट वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे ज्या मादीला गरज आहे ती तो स्वतः वेचते.

पिल्ले आणण्यासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस उत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबरची पिल्ले उन्हाळ्यातील मानमोडीच्या साथीपर्यंत लसीकरण पूर्ण करून मोठी झालेली असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस वाढत असताना अंड्यावर येतात.

या सर्व विवेचनाचा रोख एका व्यवहार्य निर्णयाकडे आहे. नवी जात घरात आणण्यापूर्वी तिची पुढील पिढी कोठून येणार, ती कोण उबवणार आणि पहिले आठ आठवडे तिला कोण सांभाळणार, या तिन्हींची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून ठरवावीत. ती ठरली नसतील, तर खुडूक बसणारी गावरान कोंबडी विकून अधिक अंड्यांचा पक्षी घेणे हा तोट्याचा सौदा होय. पुढील लेखांकात घरगुती खाद्य, अझोला आणि वाळवीचा पुरवठा यांचा विचार केला जाईल.