एक चाल, हजार ओव्या

जात्यावर बसलेली बाई तासभर गाते, पण चाल बदलत नाही. पहिल्या ओवीला जी चाल, तीच पन्नासाव्या ओवीला. तरी ऐकणारा कंटाळत नाही, कारण दर फेऱ्याला शब्द नवे येतात. तिफण तीच, बियाणे मात्र हंगामाप्रमाणे वेगळे, तसाच हा प्रकार.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही रीत फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या इ.स. ११२९ च्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील बायका धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. आता विजेच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. कष्ट वाचले हे चांगलेच झाले. पण ज्यांना शेकडो ओव्या तोंडपाठ आहेत, त्या आयाबाया आज थकल्या आहेत. त्यांच्याबरोबर काय जाणार आहे, याचा विचार आपण केला पाहिजे.

चाल तीच का?

याचे पहिले कारण काम. जात्याचा फेरा सारखा फिरतो, म्हणून गाणेही सारखेच फिरावे लागते. मधेच चाल बदलली तर हात अडखळतो. दुसरे कारण स्मरण. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने चाल एकदा गळ्यात बसवली की तिला फक्त शब्द जुळवायचे राहतात. दोघी जणी जात्यावर असल्या तर एकीची ओवी संपताच दुसरी आपली ओवी त्याच चालीत जोडते. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीचा विठोबा, सगळे त्याच चालीत बसते. सुख असेल तर आवाज चढतो, दुःख असेल तर लय संथ होते.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी ओवीच्या वळणाची गाणी रचली. घरच्यांनी त्यातली काही लिहून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. जी लिहिली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबर गेली.

ध्रुपदाची सोय

अभंगात आणखी एक सोय असते, ती म्हणजे ध्रुपद. बुवा एक कडवे म्हणतात, मग सगळे टाळकरी ध्रुपद धरतात. तेवढ्यात बुवांना पुढचे कडवे आठवायला सवड मिळते आणि नवख्या माणसालाही साथ करता येते. कापणीच्या भलरीतही एक जण सांगतो आणि पात धरलेले बाकीचे झेलतात. पोवाड्याचे मात्र वेगळे. तिथे कथा पुढे सरकते तशी शाहीर लय आणि चाल बदलतो, म्हणून ते तयारीच्या गड्याचे काम. ओवी आणि भलरी कोणालाही जमते.

जुन्या चालीत नवा विषय

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायकांनी जात्यावरच्या चालीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या गायल्या आहेत. म्हणजे विषय नवा असला तरी चाल त्याला नाही म्हणत नाही. मग शेतीचा सल्ला का बसू नये? घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी मी अशी बसवून पाहिली:

शंभर दाणे मोजावे, गोणपाटी गुंडाळावे
सत्तर कोंब फुटले, मग पेरायाला न्यावे

दोनच बोटे पेरावे, खोल बियाणे न जावे
वीतभर ओल होता, औत रानात घालावे

कविता म्हणून यात काही विशेष नाही. पण बचत गटातील बायका ही आपल्या चालीवर म्हणू लागल्या की 'सत्तर' हा आकडा विसरला जात नाही. पुढच्या ओव्या तर त्याच रचतील.

गावाने काय करावे?

पुण्याचे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या इंटरनेटवर ऐकण्यासाठी ठेवायला सुरुवात केली. तरीही तुमच्या गावच्या सगळ्या ओव्या त्यात असतील असे नाही. ग्रामसेवक, शिक्षक आणि तरुण मंडळींनी एवढे करावे:

१. आजीला ओवी 'सांगा' म्हणू नका, 'गा' म्हणा. चालीशिवाय शब्द आठवत नाहीत. जमल्यास जुने जाते समोर ठेवा.

२. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा आणि शब्द वहीत उतरवा. नुसत्या वहीत चाल राहत नाही आणि नुसत्या आवाजात बोलीतले शब्द पुढच्या पिढीला उमगत नाहीत.

३. 'चाल तर तीच आहे' म्हणून मुद्रण मधेच थांबवू नका. चाल दोन मिनिटांत कळते, खरा साठा पुढच्या ओव्यांत असतो.

४. गाणाऱ्या बाईची परवानगी घ्या. तिचे नाव, गाव, माहेर आणि तारीख लिहा. माहेर विसरू नका, कारण पुष्कळ ओव्या तिकडूनच येतात.

याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. सुगी आटोपली की आठवड्यातली एक दुपार यासाठी काढावी. ग्रामसभेत विषय घेऊन वही आणि मुद्रण ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जपून ठेवावे. आणि सुरुवात आपल्याच घरातल्या म्हातारीपासून करावी.