मुरुडच्या वाळूत चार पिढ्या

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. ‘आमची’ म्हणताना मला नेहमीच थोडा संकोच वाटतो. वडिलांच्या पश्चात ती पेढी दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी सांभाळली, मी एम.कॉम. होऊन बँकेत गेलो आणि चौतीस वर्षे परक्यांच्या पैशांचा हिशेब ठेवून निवृत्त झालो. दादांचे वय एकाहत्तर. घरातील लग्नकार्ये वगळता त्यांनी सलग तीन दिवस पेढी बंद ठेवल्याचे मला स्मरत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात ती त्यांनी ठेवली, आणि त्याला निमित्त झाली आमची आई.

आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती सहज म्हणाली, “मुंबईला समुद्र बघितला तो कठड्यावरनं. पाण्याला काही पाय लागला नाही.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण दादांनी ते ऐकले आणि आठवड्याच्या आत पंधरा माणसांचा बेत ठरला. नवी हळद बाजारात येण्यास अवकाश होता, मुलांना नाताळची सुटी होती, आणि दापोलीजवळच्या मुरुड गावी नारळी-पोफळीच्या वाडीत एक घर तीन दिवसांसाठी मिळत होते. आईची अट एकच, चतुर्दशीच्या आत घरी परतायचे. त्या दिवशी तिचा उपवास असतो आणि तो ती परगावी करीत नाही.

कऱ्हाड, पाटण, कोयनानगर असे करीत आम्ही कुंभार्ली घाट उतरलो. एक भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर आणि तिच्यापुढे पुतण्याची नवी मोटार. घाटात मुलांना त्रास होईल म्हणून सौभाग्यवतीने लिंबे आणि आवळासुपारी जवळ ठेवली होती. प्रत्यक्षात चारही मुले खिदळत राहिली आणि लिंबू लागले ते पुण्याहून आलेल्या आमच्या जावईबापूंना. याच मुरुड गावचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नव्हते, ही हकिकत मी गाडीत सांगायला घेतली. परंतु मागील बाकावर बिनलसणाच्या भडंगाची पिशवी फुटल्यामुळे ती कोणी ऐकली नाही.

घराच्या मालकीणबाईंना आमच्या जेवणाची कल्पना फोनवर दिली होती. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आलेही नाही, हे ऐकून त्या क्षणभर स्तब्ध झाल्या होत्या. पण कोकणच्या सुगरणीला नारळ, आमसूल आणि कच्ची केळी एवढे पुरते. केळ्याची भाजी, लसणाविना कुळथाचे पिठले, उकडीचे मोदक, असे त्यांनी तीन दिवस वाढले. पिण्याचे पाणी गाळून उकळण्याचे काम मात्र आईच्या देखरेखीखाली सुनांनी केले. पहिल्या दिवशी साडेपाचलाच पाने उठली. समुद्रकाठी सूर्यास्त पाहायचा की जेवायचे, ही चिंता निघताना आम्हांला होती. प्रत्यक्षात जेवण आटोपून सूर्यास्ताला निवांत बसलेले असे त्या किनाऱ्यावर आम्हीच होतो.

आईला मात्र तो सूर्यास्त वाडीच्या फाटकातूनच पाहावा लागला. कोरड्या भुसभुशीत वाळूत तिचा पाय रुतत होता. काठी टेकावी तर काठी आत जाई. पाणी दोनशे पावलांवर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या माझ्याकडे आला. “काका, ओल्या वाळूवर गाड्या फिरताहेत. मोठ्या आईला गाडीतून पाण्यापर्यंत नेऊ का?” किनाऱ्यावर वाहने नेऊ नयेत असा फलक वाटेत होता आणि तो मी वाचलेला होता. दादा आत झोपलेले होते. मी आईकडे पाहिले. ती आधीच पायांत चपला घालीत होती.

ओहोटी लागलेली होती. गाडी अगदी पाण्याच्या कडेला उभी राहिली. मी आणि पुतण्याने आईला दोन्ही बाजूंनी धरून चार पावले पुढे नेले. पहिली लाट घोट्यांवरून गेली तशी ती किंचित दचकली, मग लुगड्याचा काठ हातात धरून स्थिर उभी राहिली. लाट माघारी जाताना पायाखालची वाळू सरकते तेव्हा आपणच मागे ओढले जात आहोत असा भास होतो. आईने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “हे चालतंय रे!” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही.

परत फिरताना गाडी रुतली. वाळूतून एक बारीक ओहळ समुद्राकडे जात होता, पुढची चाके नेमकी त्यात गेली. पुतण्याने घाईने वेग दिला आणि चाकांनी आपलेच खड्डे खणले. हे करू नये, हे आता आम्ही कोणालाही सांगू शकतो. अशा वेळी इंजिन बंद करावे, टायरांतील हवा बरीच कमी करावी, चाकांपुढची वाळू हातांनी उपसून पोती किंवा झावळ्या घालाव्यात. हे सर्व आम्हांला एका वृद्ध कोळी गृहस्थांनी सांगितले; पण तोवर गाडीचे पोट वाळूला टेकले होते. आईला खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून वर कोरड्या जागी नेले.

मला प्रश्न पडला होता की पाणी केव्हा येईल. मोबाइलला रेंज नव्हती. त्या गृहस्थांनी विचारले, “आज तिथ कंची?” एम.कॉम. झालेला मी गप्प. खुर्चीवरून आईचा आवाज आला, “द्वादशी. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी.” ते म्हणाले, “म्हंजे नऊ.” आणि आई त्याच दमात म्हणाली, “बारा पाऊण नऊ.”

वाचकांपैकी ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली असेल त्यांच्या हे ध्यानी येईल. कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार हा आडाखा आहे: शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तेथून सव्वासहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा तितक्याच वेळाने भरती. चंद्र दररोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, भरतीही त्याच्या मागोमाग सरकते. आडाख्यात थोडेफार मागेपुढे होते, पण कोळ्याचे काम त्यावर भागते. चौथी इयत्ता शिकलेल्या माझ्या आईने हा आडाखा कधी ऐकलेला नव्हता. मात्र तिथी तिला रोज ठाऊक असते आणि पाऊणकी ती विसरलेली नाही.

सकाळी नऊला भरती, म्हणजे सव्वातीनला ओहोटी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास पुन्हा भरती. घड्याळात साडेचार झाले होते. कोळीबाबा म्हणाले की पहिले दोन तास पाणी दबकत येते, तिसऱ्या-चौथ्या तासाला धावते. शिवाय पौर्णिमा तीन दिवसांवर, उधाण जवळ आलेले. त्यांनी एका मुलाला सायकलवरून ट्रॅक्टरवाल्याकडे धाडले.

एवढ्यात दादा आले. धोतराचा सोगा हातात धरून एवढ्या वेगाने चालताना मी त्यांना प्रथमच पाहिले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारले, “विमा आहे ना?”

“आहे की,” मी म्हणालो. “विम्याशिवाय पतसंस्था कर्जाची गाडी सोडतच नाही.”

बँकेतील सवयीने तोंडून निघून गेले. पुतण्याने खाली पाहिले.

येथे मला माझा दोष सांगितला पाहिजे. पेढीवर उधारी असावी, घरात असू नये, हा आमच्या वडिलांचा दंडक दादांनी आजवर पाळला. मोटार साठवलेल्या दलालीतून रोखीने घेतली, असे पुतण्याने वडिलांना सांगितले होते. प्रत्यक्षात ती कर्जावर होती आणि त्या कर्जाला जामीन म्हणून माझी सही होती. हप्ते तो वेळेवर भरत होता. व्यवहार म्हणून त्यात वावगे काही नव्हते. ज्यांनी मला शिकवले त्या भावापासून ते दीड वर्ष लपवले होते, एवढेच.

“कर्ज?” दादा म्हणाले. मग त्यांनी पाण्याकडे पाहिले, कोट काढून माझ्या हाती दिला आणि वाळूत बसून हातांनी चाकापुढची वाळू उपसू लागले.

सगळे घर त्या वाळूत उतरले. सुनांनी वाडीतून झावळ्या आणल्या, मुलांनी खेळण्यातील बादल्यांनी पाणी उपसले, जावईबापू घाटातील सारी कसर भरून काढीत होते. मालकीणबाईंनी आईसाठी डबा पाठवला. पावणेसहाला, समोर ही धांदल चालू असताना, आई खुर्चीवर बसून शांतपणे जेवली, चूळ भरली आणि पदर सावरून पुन्हा पाहू लागली. ट्रॅक्टर आला तेव्हा लाटा पुढच्या चाकांना लागल्या होत्या. पहिला दोर तुटला. दुसरा दोर मागच्या आकड्याला बांधून ओढले तेव्हा गाडीने वाळू सोडली. आत पावलाएवढे पाणी आले होते. सूर्य केव्हा मावळला हे कोणाच्या लक्षातही आले नाही. आकाशात चंद्र मात्र चांगला वर आला होता.

ट्रॅक्टरवाल्याने तीन हजार मागितले. ती वेळ पाहता त्याने गैरफायदा घेतला असे मी म्हणणार नाही. कोळीबाबांनी पैसे घेतले नाहीत, भडंगाची पिशवी घेतली. पाणी गेलेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह टाळा, असे मी पुतण्याला बजावले. पाण्यात इंजिन चालू केल्याने झालेले नुकसान साधा विमा बहुधा भरून देत नाही, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. ती आमच्याकडे नव्हती. रात्रभर गोड्या पाण्याने गाडी धुतली. जेवणाचे नाव कोणी काढले नाही. अंधारात जावईबापूंच्या खोलीतून भडंगाचा आवाज आला, तिकडे सर्वांनी दुर्लक्ष केले.

त्या रात्री आणखी एक प्रसंग घडला. धाकट्या नातीने वेचलेल्या शंखांपैकी एक शंख फरशीवरून चालू लागला. आत खेकड्याने बिऱ्हाड केलेले होते. आईने हुकूम सोडला, आत्ताच्या आत्ता नेऊन सोडा. मी आणि दादा विजेरी घेऊन निघालो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. पाण्याच्या कडेला शंख ठेवला. तो थोडा वेळ निश्चल राहिला, मग लाटेबरोबर गेला.

परतताना ते म्हणाले, “हप्ता किती?”

“अठरा हजार चारशे.”

“राहिले किती?”

“एकेचाळीस.”

“मला सांगायला भीती वाटली का त्याला?”

“दोघांनाही,” मी म्हणालो.

ते फाटकापर्यंत गप्प राहिले. तेथे थांबून म्हणाले, “जामीन राहतोस आणि भावाला सांगत नाहीस. बँकेत असं चाललं असतं का?” चालले नसते.

दुसऱ्या सकाळी मुले नावेतून डॉल्फिन पाहून आली. तीन दिसले की पाच, यावर कोयनानगरपर्यंत वाद चालू होता. पुतण्याची गाडी मागून दुरुस्तीच्या वाहनावर चढून आली. तिच्या गालिच्याचा खारट वास पुढे दिवाळीपर्यंत गेला नाही.

कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा दादांनी खिशातील वही काढून खर्च लिहिण्यास आरंभ केला. घरभाडे, जेवण, नावभाडे. ट्रॅक्टरपाशी पेन्सिल थांबली. पुतण्या म्हणाला, “ते माझ्याकडे लिहा, अण्णा.” मी म्हणालो, “अर्धे माझ्याकडे.”

आई गाडीच्या दारापाशी बसून पायांना चिकटलेली वाळू झाडीत होती. ती म्हणाली, “माझ्या नावे लिही. पाण्यापर्यंत मला जायचं होतं.”

पेढीत आईच्या नावे वडिलांच्या काळापासून एक खाते आहे. त्यात जमा दिसते, खर्च क्वचितच. दादांनी चष्मा सारखा केला आणि लिहिले: “मातोश्री खाते, समुद्र, 3,000.”