मीटर कमी, रबर म्हातारं

काकांनी कव्हर ओढून काढलं आणि माझा निर्णय तिथेच झाला. पांढरी, छोटी हॅचबॅक, नोव्हेंबर 2011 ची, एमएच-12. कोथरूडच्या एका सोसायटीत छपराखाली बारा वर्षं उभी. दारांच्या आतल्या बाजूचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. डॅशबोर्डवर गणपती, मीटरवर 38,400. काका बँकेतून निवृत्त झालेले. भाजी, दवाखाना आणि चतुर्थीला सारसबाग एवढंच तिचं जग. “माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही हो हिला,” काका म्हणाले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, मुलगा गाडी विका म्हणून मागे लागला होता. 1 लाख 55 हजारांवर ठरलं. घरी जाताना मी हिशेब केला: बारा वर्षांत अडतीस हजार, म्हणजे दिवसाला नऊ किलोमीटरही नाहीत. नवीच गाडी की!

तिसऱ्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर गेला, पाठोपाठ बोनेटमधून वाफ. खंडाळ्याहून आलेल्या मिस्त्रीने इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावू दिला नाही. मग रेडिएटरचा वरचा होज पाइप दाखवला. बोटभर चिरला होता. खालचा पाइप त्याने चिमटीत दाबला, तर पापडासारखा कडकड वाजला. मी म्हटलं, अहो, गाडी फक्त अडतीस हजार चाललीय. तो म्हणाला, “म्हणूनच. उभी गाडी लई खर्च काढते, सायेब.”

जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती चाललीय?’ जाहिरातीही त्यालाच उत्तर देतात: कमी चाललेली, डॉक्टरांची, सिंगल हँड, टायर ऐंशी टक्के. पण गाडीचे निम्मे भाग किलोमीटर मोजतच नाहीत, ते वर्षं मोजतात. पिस्टन, गिअर, बेअरिंग चालल्याने झिजतात. रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं होतं. त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात, हवेतला ओझोन पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो, बोनेटखालची उष्णता उरलेलं काम करते. आणि मोटारीत रबर कुठे नसतं? टायर, होज पाइप, ब्रेकच्या नळ्या आणि सील, सस्पेन्शनची बुशिंग, इंजिनाचे माउंटिंग, फॅन बेल्ट, वायपर.

टायरचंच घ्या. काकांच्या गाडीच्या टायरांची नक्षी खरोखरच ऐंशी टक्के शिल्लक होती. ते खोटं बोलले नव्हते. पण टायरच्या बाजूला, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या गाडीवर 4111 होतं, म्हणजे 2011 सालचा एकेचाळिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले टायर, बारा वर्षांचे. नक्षीच्या खोबणीत नख फिरवलं तर तळाशी भेगा लागत होत्या. असे टायर गावात फिरतात, फिरत राहतात, आणि एखाद्या दुपारी महामार्गावर शंभरच्या वेगात फुटतात. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरवर, नक्षी कितीही असो, मी तरी घरच्यांना बसवणार नाही. नवी-जुनी कुठलीही गाडी घरी आली की आपण चाकाखाली लिंबू ठेवायला वाकतो. तेवढ्यात ते चार आकडेही वाचून घ्यावेत.

ब्रेक ऑइलचं प्रकरण याहून बेरकी आहे, कारण ते बिघडल्याचं गावात कळतच नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. नवं कोरं डॉट-3 जातीचं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शोषल्यावर त्याच तेलाचा उत्कलनबिंदू 140 अंशांच्या आसपास येऊ शकतो. डॉट-4 साठी हेच आकडे 230 आणि 155. सिग्नलला थांबताना एवढी उष्णता होत नाही. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना सतत पाय ब्रेकवर राहिला की होते. तेल उकळून नळीत वाफ धरली की पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. काकांची फाइल मी नंतर नीट वाचली. बारा वर्षांत दर वेळी ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ लिहिलं होतं, बदलल्याची नोंद एकही नव्हती. त्यात काकांचा दोष नाही. दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग, हेच त्यांना कुणीतरी शिकवलं होतं, आणि त्यांचे दहा हजार व्हायला तीन वर्षं लागत.

इंजिन ऑइलचीही तीच गत. भाजीपुरतं दोन किलोमीटर जाऊन परत आलेल्या इंजिनातलं तेल नीट तापत नाही. आत साचलेली ओल आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही, आणि तेलाचा चिखल होत जातो. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहा. थोडी पिवळसर साय असेल तर बहुधा छोट्या फेऱ्यांचा परिणाम. पण डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ चहासारखं दिसत असेल तर कूलंट तेलात मिसळतंय, हेड गॅसकेट गेलं असण्याची शक्यता आहे, आणि मग नमस्कार करून परत फिरावं.

आता टायमिंग बेल्ट. सगळ्याच गाड्यांत तो नसतो. जुनी सँट्रो, 796 सीसीची अल्टो यांच्या इंजिनांत रबरी बेल्ट. मारुतीच्या के-सीरिजमध्ये आणि फियाटकडून आलेल्या 1.3 मल्टिजेट डिझेलमध्ये लोखंडी चेन. चेन तेल वेळेवर बदललं तर बराच काळ साथ देते. बेल्टला मात्र किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा असते, आणि तो वरून दिसत नाही, कव्हरआड असतो. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. बेल्ट बदलल्याचं बिल विकणाऱ्याकडे नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं. आणि बदलताना त्याचा टेन्शनर बदलायचाच. त्याच बेल्टवर वॉटर पंप चालत असेल तर तोही, कारण मजुरी उघडण्या-बसवण्याची असते, ती दोनदा कशाला द्यायची?

रबर खोटं मीटरही पकडून देतं. मीटर मागे फिरवणं ही आपल्याकडची जुनी कला आहे. अडतीस हजार दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच-ब्रेक पेडलांची रबरं गुळगुळीत झाली असतील, स्टिअरिंग हातांनी घासून चकचकीत झालं असेल, तर आकडा कुणीतरी बसवलाय. सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात, ते क्रमाने वाढतात का ते पाहावं. माझ्या गाडीची पेडलं कोरी होती.

पूरग्रस्त गाड्यांचं वेगळं सांगायला हवं. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं, 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वितीवर मातकट रेष असेल तर पाणी तिथवर आलं होतं. सीटखालच्या रुळांवरचा गंज, डिकीत स्टेपनीच्या खळग्यातला गाळ हेही बोलतात. किनारपट्टीवरच्या गाडीचा तळ खाऱ्या हवेने खाल्लेला असतो, ती रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि इंजिन पूर्ण थंड असताना, स्वतःच्या हाताने चावी फिरवून सुरू करा. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ असं कुणी म्हणालं तर चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं.

खर्चाच्या क्रमात मी जी चूक केली ती बहुतेक जण करतात. गाडी आल्या आल्या सीट कव्हर, टचस्क्रीन आणि मागचा कॅमेरा यांवर अकरा हजार घातले. म्हणजे पाइप चिरत होता तेव्हा मी गाणी ऐकत होतो. घाटातून परतल्यावर वहीत नवा क्रम लिहिला: आधी थांबणं आणि रस्ता धरणं, मग तापणं, मग चालणं, शोभा शेवटी. चार टायर 15,200. ब्रेक ऑइल, पुढचे पॅड, मागच्या सिलिंडरची रबरं आणि रबरी नळ्या मिळून 5,400. सगळे होज पाइप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि कूलंट 4,600. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालू नका, क्षार धरतात. इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, प्लग 3,900. बॅटरी 4,300. लोअर आर्मची बुशिंग, लिंक रॉड आणि अलाइनमेंट 7,100. बेरीज 40,500, गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्तच. हे सगळं एका दिवसात केलं नाही. पहिल्या तीन ओळी पहिल्याच आठवड्यात, बाकी चार महिन्यांत. सुट्या भागांसाठी नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. खड्ड्यातली खडखड ऐकून एक जण पूर्ण शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदला म्हणत होता, पण आवाज दोनशे-तीनशे रुपयांच्या बुशिंगचा निघाला. आधी रबर तपासा, मग लोखंड.

तेव्हा दोन लाख हातात असतील तर दीड लाखाची गाडी पाहा. दोन लाखांची घेतलीत तर दुरुस्तीचे पैसे उसने आणाल, किंवा दुरुस्ती टाळाल.

एक नवं कलम 2025 पासून तपासायच्या यादीत आलंय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. काही जुन्या गाड्यांत ते वीस-तीस हजार किलोमीटर वापरल्यानंतर काही रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, हे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटलं आहे. पेट्रोलच्या पाइपला ओल किंवा वास येतोय का, एवढं प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहायला सांगावं.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म 35, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर ना-हरकत. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. आणि विकणाऱ्यांनो, ‘नाव सावकाश बदला’ असं औदार्य दाखवू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं की गाडी कुणीही चालवो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच. काका या बाबतीत पक्के होते. नाव बदलल्याचा मेसेज येईपर्यंत रोज संध्याकाळी फोन करायचे.

नोव्हेंबर 2026 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. मग पासिंग, पर्यावरण कर आणि नोंदणीचं नूतनीकरण, पाच वर्षांसाठी. ते शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 झालं, तेव्हा तेवढे बाजूला ठेवलेत. मीटर आता 61,000 आहे. वहीत एकच ओळ खोडायची राहिलीय: इंजिनाचे माउंटिंग, तिन्ही.